ब्लॉक : खाट_साधी

सोहारला, पोर्टच्या रस्त्यावर, टायरच्या दुकानावरती
आमचं ऑफिस. एसी गळतो तिथं बादली,
आणि माझ्या मशीनवर एक फोल्डर :
‘आरोलकर_जुनं’.

आरोलकरला आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही.
मुनीर साहेब म्हणतात, वेंगुर्ल्याचा होता,
कंप्युटरवर बसला तरी कानावर पेन्सिल असायची.
गेला. कुठं गेला ते सांगत नाहीत.
त्याचे दरवाजे मात्र अजून उघडतात आमच्या नकाशांत,
त्याचे नळ, त्याचे पंखे, त्याचं बेसिन,
एकदा काढून ठेवलेलं, हवं तिथं टेकवायचं.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी शिकवलं :
ब्लॉक करायचा तर शून्य लेयरवर काढ.
शून्यावरचं जिथं ठेवशील तिथला रंग घेतं.
मी मान डोलावली. व्हिसा नवा होता.

आणि कुठं धरायचं ते आधी ठरव.
दरवाजा बिजागरीशी, खाट उशाच्या कोपऱ्याशी.
चुकीच्या जागी धरलेली वस्तू
ठेवायला जावी तर मैलभर लांब जाऊन पडते,
मग शोधत फिरायचं काळ्या पडद्यावर.

काल लेबर कॅम्पचं रिव्हिजन आलं.
साठ खोल्या. खोलीत सहाच्या जागी आठ खाटा.
मांडल्या. आठवी दरवाज्यात आली.
“नऊशेची आहे ना? साडेसातशेची कर,”
साहेब एवढंच बोलले आणि चहा मागवला.

ब्लॉकची हीच तर मजा.
एक उघडायची, एक रेघ दीडशेनं आत सरकवायची,
सेव्ह म्हणायचं,
की चारशे ऐंशी खाटा पापणी लवायच्या आत
अंग चोरून घेतात.
एकसुद्धा करकरत नाही.

खाट_साधी उघडली. मोठी करत गेलो.
उशाच्या बाजूला, भिंतीला चिकटून
एक बारका चौकोन. दीडशे बाय शंभर.
रेघ सगळ्यांत पातळ, कागदावर केसाएवढी.
आत नाव नाही. खुणांच्या यादीत नाही.
इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

मी उठलो. प्लॉटरमध्ये कागद भरला, उगाच.

कारण आमच्या कॅम्पात, खोली नंबर एकवीस,
प्रत्येक खाटेच्या उशाशी भिंतीला एक फळकूट आहे,
तळहाताएवढं.
इळंगोवनच्या फळीवर मुरुगन आणि बामची डबी,
रेनाल्डोच्या फळीवर मुलीचा पडलेला दात, बाटलीत,
माझ्या फळीवर चष्मा, कधी कधी नुसता हात.
आम्हाला वाटायचं, सुतारानं उरलेलं लाकूड खपवलं.
सुतारानं ड्रॉइंग वाचलं होतं.
केसाएवढी रेघ वाचली होती
आणि मोजून ठोकत गेला होता, खोलीमागून खोली.

संध्याकाळी साहेब मागं येऊन उभे राहिले.
“हे काय?” बोटाचा तेलकट ठसा स्क्रीनवर.
म्हटलं, “जुनं आहे. इथलं काढलं तर सगळीकडचं जाईल.”
खोटं काहीच नव्हतं त्यात.
ते पाहत राहिले. मग त्यांचा फोन वाजला.

खाट साडेसातशेची केली.
ती रेघ माझ्या हातची.
पुढं कुणी कुशीवर वळेल तेव्हा
त्याच्या पाठीला लागेल, तीही माझीच.
चौकोन राहू दिला. त्याची रेघ थोडी जाड केली,
झेरॉक्समध्ये मरू नये इतकी.

रात्री टेप घेऊन माझी खाट मोजली.
नऊशे दहा.
वरचे दहा कुठून आले, पुन्हा मोजत बसलो.
रेनाल्डो झोपेतच म्हणाला, लाइट.